पौषातलं बदक, चिनी पद्धतीनं

मंडळी, आज जरा भांडणाचं लिहिते आहे, राग मानू नका. माझं म्हणणं असं, की लांजीसारख्या धानाच्या आणि तलावांच्या मुलखात राहून आपण बदक वाया घालवतो. बरीच घरं तर खातच नाहीत. जी खातात ती कोंबडीसारखे तुकडे करून, दोन पळ्या तिखट घालून रस्सा करतात आणि वर म्हणतात, "वास येते बाप्पा, कोंबडीच बरी." आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे हिवाळ्यात पिशवीत लपवून आणलेलं तलावावरचं जंगली पाखरू. ते दुप्पट पैसे देऊन घ्यायचं आणि पाहुण्यांपुढे "असली माल" म्हणून मिरवायचं. या सगळ्यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे : घरी पाळलेलं बदक, पौषातली थंडी आणि चिनी लोकांची भाजायची रीत.

चिनी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बसस्टँडवरची लाल गाडी येते. मोठी कढई, खाली भणभण करणारा गॅस, लालभडक शेजवान. त्या गाडीशी माझं वैर नाही, नातवंडं खातात, मीही दोन घास घेते. पण ते चीनचं नाही, आपलंच आहे. चिकन मंचुरियन तर मुंबईत 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग नावाच्या आचाऱ्यानं पहिल्यांदा केलं असं सांगतात. तो माणूस कोलकात्याच्या चिनी कुटुंबातला. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला पाया घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, आणि देशभर गाड्या लागल्या. चिनी माणसाचं बदक हे त्याच्या अगदी उलटं. त्यात रंग नाही, तिखट नाही, घाई तर बिलकुल नाही. एका पाखरावर दोन दिवस खर्च करायचे.

मी ते पहिल्यांदा पाहिलं सिंगापूरला, मुलाकडे गेले होते तेव्हा. हॉकर सेंटरच्या काचेमागे गळ्याला आकडा अडकवून ओळीनं टांगलेली तांबूस बदकं, चकचकीत, जणू वार्निश लावलंय. दुकानदार एक काढायचा, जाड लाकडी ठोकळ्यावर सुरा मारून हाडासकट तुकडे करायचा आणि पांढऱ्या भातावर मांडून द्यायचा. ही झाली दक्षिणेकडची, कँटनची पद्धत. उत्तरेत बीजिंगला ते कातडं पातळ पोळीत गुंडाळून खातात. तिथलं छ्वेंजूदे हे दुकान 1864 सालचं. तिथे उघड्या भट्टीत फळझाडांच्या लाकडावर बदक टांगून भाजतात. मला मात्र तो भात बघून आपलं घर आठवलं. भात, तलाव, बदक. हे तर सगळं आपल्याकडे आहे! आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यावर काय फक्त वरणच वाढायचं?

माझं माहेर गोंदियाचं, सासर लांजीचं. आमगाववरून यायचं म्हटलं तर अंतर काहीच नाही, पण 1956 साली रेघ ओढली गेली आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं, तिकडचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला. दोन्हीकडची माणसं, धान, बांध्या, बोड्या मात्र त्याच. म्हणून मी जे लिहिते ते दोन्हीकडच्या घरांना लागू आहे.

आता पौषच का, ते सांगते. हे मला आमच्याकडे बदकं आणून देणाऱ्या तलावाकाठच्या मावशींनी शिकवलं, कुठल्या पुस्तकानं नाही. पावसाळ्यात बदकं बांध्यांमध्ये फिरतात, किडे-गोगलगायी खातात आणि सारखी पोहत असतात, तेव्हा ती सडपातळ असतात. कार्तिकात धान कापलं की बांधीत जे सांडलेलं असतं ते वेचून खातात. दीड-दोन महिने असा दाणा पोटात गेला की कातड्याखाली चरबी धरते. ही पद्धत चरबीवरच चालते, त्यामुळे भाद्रपदातलं बदक तिला उपयोगाचं नाही. शिवाय मार्गशीर्षात आम्ही गुरुवार पाळतो, श्रावणात कोटेश्वराला गर्दी असते तेव्हा घरात मांस नसतंच. पौष मोकळा. आणि थंडी! लांजीच्या पौषातली कोरडी रात्र ही या पदार्थातली सगळ्यात महाग वस्तू आहे आणि आपल्याला ती फुकट मिळते. का, ते पुढे येतंच.

आधी त्या वासाचं बघू, कारण निम्म्या घरांनी बदक त्यापायी सोडलंय. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूनं, दोन पिवळसर गाठी असतात. पाखरू तिथलं तेल चोचीनं घेऊन पिसांना चोपडतं, म्हणून तर पाण्यात राहून भिजत नाही. त्या गाठी सुरीनं खोल कापून काढल्या नाहीत तर तो वास सगळ्या हंडीभर होतो आणि मग तुम्ही कितीही तिखट टाका. बाजारातला कोंबडीवाला त्या काढत नाही, त्याला सांगावं लागतं. तेलकट पिसांमुळे सोलणंही चिवट काम आहे. कोंबडी गरम पाण्यात बुडवली की पिसं हातात येतात, बदकाला जास्त वेळ लागतो, आणि पंखाखाली बारीक खुंट राहतात ते चिमट्यानं एकेक ओढायचे. कातडं फाटू द्यायचं नाही, कारण सगळा खेळ कातड्याचाच आहे. मान ठेवायची, टांगायला लागते.

यानंतरच्या कामाला आमच्या घरात सगळे हसतात. सायकलचा पंप. पोट उघडण्याआधी मानेजवळ कातड्याला छोटं भोक पाडून नव्या, स्वच्छ पंपानं हवा भरायची. बदक फुग्यासारखं फुगतं आणि कातडं मांसापासून सुटतं. चीनमध्ये हे काम पूर्वी तोंडानं फुंकून करायचे. यात विनोद नाही, कारण आहे. कातडं मांसाला चिकटलेलं असेल तर मधली चरबी तिथेच अडकते आणि खाताना रबरासारखं लागतं. सुटं असेल तर चरबी वितळून वाहून जाते आणि कातडं स्वतःच्याच तेलात तळल्यासारखं कुरकुरीत होतं. पंप नको वाटत असेल तर पोट साफ केल्यावर लाकडी पळीचा दांडा कातड्याखालून हळूहळू फिरवायचा. तेवढं छान नाही होत, पण होतं.

मसाला म्हणाल तर चिनी पाच मसाल्यांपैकी चार आपल्या डब्यात आहेत. दोन चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, पाच-सहा लवंगा, चमचाभर बडीशेप. पाचवा त्यांचा सेचवान मिरा. तो मिरीच्या कुळातला नाहीच, कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊ आहे. कोकणातलं कुणी नातेवाईक असेल तर तिरफळं मागवा, चार पुरे, आतली काळी बी काढून. नाहीतर साधे मिरे घाला, बिघडत नाही. सावजीचं खाऊन वाढलेल्या आपल्या जिभेला वाटतं, एवढ्यानं काय होणार? होतं. हे कोरडं भाजून, कुटून, मोठा चमचाभर मिठात मिसळायचं आणि बदकाच्या फक्त आतून चोळायचं. बाहेरून एक कणही नाही. मग आत आल्याचे तुकडे, ठेचलेला लसूण, पातीचा कांदा, दोन चमचे सोया सॉस, सुपारीएवढा गूळ, अर्धी वाटी पाणी, आणि बुडाचं तोंड जाड सुई-दोऱ्यानं घट्ट शिवून टाकायचं. आतला रस बाहेर येता कामा नये. भाजताना मांस आतून वाफेवर शिजतं आणि बाहेरून कातडं वाळतं, एकाच वेळी दोन कामं.

मग बदक आकड्याला टांगून त्याच्यावर उकळतं पाणी पळीपळीनं ओतायचं. दोन लिटर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर. कातडं डोळ्यादेखत आक्रसून ताठ होतं. पुसून घ्यायचं आणि गोड पाण्याचा हात फिरवायचा. चिनी लोक यासाठी माल्टोज लावतात, म्हणजे मोड आणलेल्या धान्यापासून केलेला चिकट पाक, साखरेहून कमी गोड. तो आपल्याकडे कुठे शोधणार? मी दोन चमचे काकवीत एक चमचा व्हिनेगर आणि दोन चमचे पाणी घालते. मध लावायचा मोह होईल, जंगलातला चांगला मध मिळतो आपल्याकडे. पण मध विस्तवावर फार लवकर काळा पडतो. तो पोळीबरोबर खा.

आणि आता थंडी. हे ओलं पाखरू रात्रभर टांगून वाळवायचं. मागच्या सांदवाडीत, छपराखाली, मच्छरदाणीचा तुकडा चारी बाजूंनी बांधून, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर, खाली परात ठेवून. सकाळी कातडं हाताला कागदासारखं लागलं पाहिजे. ओलं कातडं भाजत नाही, शिजतं, आणि शिजलेलं कातडं म्हणजे पुन्हा तेच रबर. थंडी पडली नसेल तर हा नाद बाहेर करू नका. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात न झाकता ठेवा. मुंबई-पुण्याच्या लोकांना तोच मार्ग. त्यांनी ओव्हनमध्ये आधी 220 वर पंधरा मिनिटं आणि मग 170 वर तासभर, जाळीवर, खाली पाण्याचा ट्रे ठेवून भाजावं. चांगलं होतं. पण धूर नाही, हेही खरंच.

आमच्याकडे अर्धं कापलेलं लोखंडी पिंप आहे. तळाशी कडेकडेनं आंब्याच्या लाकडाचे निखारे, मधोमध दोन पेले पाणी घातलेली जुनी परात, वर आडवी सळई, तिला बदक, आणि पत्र्याचं झाकण. निखारे मधे ठेवायचे नाहीत, चरबी त्यावर टपकली की भडका होतो आणि काजळी बसून सगळं कडू लागतं. पहिला पाव तास आच जोरात, मग झाकण जरा सरकवून, निखाऱ्यावर राख ओढून पन्नासेक मिनिटं. मांडीत सळई टोचली की पाण्यासारखा रस आला पाहिजे, गुलाबी नको. उतरवल्यावर वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. ही वीस मिनिटं आमच्या घरात सगळ्यात अवघड जातात.

शिवण उसवून आतला रस भांड्यात काढून घ्या, तोच भातावर घालायचा. परातीत जी चरबी जमते ती टाकाल तर तुमच्यासारखे तुम्हीच. गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवते, बटाटे परतायला यासारखं दुसरं काही नाही.

बीजिंगच्या त्या पातळ पोळीला आपल्याकडे जोड आहे. आपली लांब रोटी! उलट्या मडक्यावर टाकलेली, हातावर झेलून झेलून रुमालाएवढी केलेली. तिचा तुकडा, त्यात कातड्याचा एक तुकडा, मांसाचा एक, पातीचा कांदा उभा चिरून. त्यांची गोडसर काळी चटणी आंबवलेल्या सोयाबीनची असते, तिच्या मागे मी लागत नाही. आपल्याकडे त्याच दिवसांत अंबाडीची लाल फुलं येतात. ती गूळ घालून शिजवून घोटली की आंबटगोड चटणी होते, आणि चरबीच्या मांसाला आंबट हवंच असतं. माझ्या मते ही जोडी मूळ जोडीपेक्षा सरस आहे. सिंगापूरच्या सुनेनं पण मान्य केलंय, आणि ती सहजासहजी मान्य करणारी नाही.

गेल्या पौषात पाहुणे होते. आमचे मामाजी, म्हणजे यांचे मामा, वय 80 च्या वर, ताट समोर आल्यावर म्हणाले, "सूनबाई, चीनशी आपलं असं सुरू आहे, मंग त्यायचं खाणं काहून?" प्रश्न टाकाऊ नव्हता. गलवानला 2020 साली आपली पोरं गेली, तेव्हापासून हे बऱ्याच जणांच्या मनात आहे. 62 ची लढाई तर मामाजींनी तरुणपणी रेडिओवर ऐकलेली. मी म्हटलं, मामाजी, तिरोडीचा राजबहादूर आठवते का?

आपल्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तिरोडी हे आपल्याच बालाघाट जिल्ह्यातलं मँगनीजच्या खाणीचं गाव. तिथे वांग छी नावाचा चिनी माणूस राहिला. चिनी सैन्यात सर्वेक्षणाच्या कामावर होता, लढाईनंतर, 1963 च्या जानेवारीत, आपल्या हद्दीत सापडला. रस्ता चुकलो असं त्याचं म्हणणं. सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत काढली, 1969 साली कोर्टानं सोडलं आणि पोलिसांनी त्याला तिरोडीत आणून ठेवलं. घरी जायची परवानगी नाही. तो पीठगिरणीवर कामाला लागला, गावातल्याच मुलीशी लग्न केलं, मुलंबाळं झाली, लोक त्याला राजबहादूर म्हणायला लागले. चिनी पासपोर्ट मिळाला 2013 साली, आणि मायदेशाचं दर्शन झालं 2017 च्या फेब्रुवारीत. 54 वर्षांनी! तोवर आई गेलेली. पेपरात, टीव्हीवर तेव्हा सगळीकडे आलं होतं.

त्याच लढाईत कोलकात्याच्या, आसामच्या चिनी वस्त्यांमधली सुमारे 3000 माणसं, त्यांत कित्येक इथेच जन्मलेली, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली होती. त्यातल्या कुणी सीमेवर गोळी झाडली नव्हती. सरकारांची भांडणं सरकारं बघतील, सैनिक बघतील, आणि त्यात मी आपल्याच बाजूची आहे, हे सांगायला नको. पण तिरोडीच्या लोकांनी 50 वर्षं त्या माणसाच्या हातचं पीठ खाल्लं असेल, तर मी चिनी रीतीनं एक बदक भाजलं म्हणून काय बुडालं? बदक लांजीचं, काकवी लांजीची, आंब्याचं लाकूड आमच्याच झाडाचं. यात चीनच्या कुठल्या कारखान्याला एक रुपया जात नाही. मोबाईल मात्र मामाजींच्या खिशात कोणता होता ते मी विचारलं नाही. मोठी माणसं आहेत.

मामाजी काही बोलले नाहीत. पण कातड्याचा दुसरा तुकडा त्यांनी मागून घेतला.

आता त्या जंगली पाखराचं, आणि हे मी जरा कडक लिहिणार आहे. आपल्या तलावांवर अडई असते, थंडीत बाहेरून येणारी बदकं असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना मारणं, पकडणं, विकणं गुन्हा आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. म्हणून तर पिशवीत लपवून येतं. पण गरीब माणूस जाळं टाकतो कारण दारात गिऱ्हाईक उभं असतं, आणि ते गिऱ्हाईक कोण? आपल्यासारखी जुनी, खाऊनपिऊन सुखी, पाहुण्यांपुढे मिरवायला काहीतरी वेगळं हवं असलेली घरं. नावं घेत नाही, ज्यानं त्यानं आपापल्या घरात पाहावं. एकीकडे आपण गोंदिया-बालाघाटचे सारस मोजायला जातो, पोरांना दाखवतो, फोटो टाकतो, आणि त्याच तलावावरचं दुसरं पाखरू संध्याकाळी हंडीत. आणि मिळतं काय? अडईचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, सोलून हातात किती राहील बघा. ते या रीतीनं भाजलं तर लाकूड होतं. पाळीव बदकाची सर त्याला येत नाही, हे मी स्वयंपाकघरातून सांगते आहे, वनखात्याच्या बाजूनं नाही.

पाळीव बदक मिळत का नाही, तर त्याला कुणी भाव देत नाही म्हणून. मावशी सांगतात, पूर्वी तलावाकाठी चार घरी थवे होते, आता त्यांच्याकडेच उरलेत. लोक येतात आणि बदक कोंबडीच्या भावानं मागतात. चार-पाच महिने सांभाळायचं, रात्री कोल्ह्या-मुंगुसापासून राखायचं, आणि ब्रॉयलरचा भाव, जो सहा आठवड्यांत तयार होतो? मी गेल्या वर्षी एका बदकाचे 600 रुपये दिले आणि घासाघीस केली नाही. आमच्या यांना ते जास्त वाटले. पण दिवाळीला तेवढ्याचा मिठाईचा डबा आपण डोळे झाकून घेतो, आणि तो तर तीन घरं फिरून पुन्हा आपल्याच घरी येतो.

सध्या आषाढ चालू आहे. मावशींकडे पिल्लं निघाली आहेत, श्रावणात ती बांधीत उतरतील. पौषात ज्यांना बदक हवं त्यांनी आत्ताच सांगायला हवं, कारण गिऱ्हाईक नक्की असलं तरच त्या पिल्लं ठेवणार, नाहीतर आमगावच्या बाजारात काढून टाकणार. मी चारचा बयाणा देऊन आले, दोन आमच्यासाठी, एक मामाजींकडे, एक नणंदबाईंकडे. लांजीतली आणखी पाच-सहा घरं तयार असतील तर मला कळवा, मी मावशींना निरोप देते. पिंप हवं असेल तर आमचं घेऊन जा. पंप मात्र नातवाचा आहे, त्याला विचारावं लागेल.